अळ्यांच्या डब्यातलं पिठलं

रंगनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी जालन्याच्या बाजारात पिकून तडकलेली कारली वेचत होतो. त्याच्यासाठीच. भाजीवाल्या मावशी फेकायला काढलेली पिवळी कारली माझ्यासाठी बाजूला ठेवायच्या आणि दर वेळी विचारायच्या, "सर, ह्याचं करता तरी काय?" मी म्हणायचो, "अळ्यांना उपाशी मारतो." त्या दिवशी फोन ठेवला, आणि तरीही कारली घेतली... दुसरं काय करावं ते सुचेना.

घनसावंगीच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढे मी शाळामास्तर झालो आणि तो जालन्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवू लागला. हरभरा फस्त करणाऱ्या घाटेअळीवर त्याचा भारी राग, आणि लळाही तेवढाच. कारल्याच्या बीत एक प्रथिन असतं. ते अळीच्या पोटातल्या पाचक रसाला अडवतं. अळी खात राहते, पण अंगी काही लागत नाही. हे प्रथिन हरभऱ्याच्या झाडानंच तयार करावं आणि फवारणीचा पंप खुंटीला टांगलेला राहावा, हे त्याचं स्वप्न. त्याआधी पीएच.डी.साठी एवढंच दाखवायचं होतं की या खाद्यावर अळ्या खरोखर खुरटतात. मार्गदर्शकांनी बजावलं होतं, या हंगामात निकाल दिसला नाही तर विषय बदला.

दिवाळीत कॉलेज बंद, म्हणून अळ्या त्याच्या घरी मुक्कामाला आल्या. एकत्र ठेवल्या तर एकमेकींना खातात, म्हणून प्रत्येकीला वेगळी डबी. "त्यांला एकेक खोली, आन् आमाला समद्यांना मिळून दोन," रंगनाथ म्हणायचा. स्वयंपाकघरात बेसनाचे दोन सारखेच लहान डबे होते. एकात साधं, दुसऱ्यात अळ्यांसाठी कारल्याच्या बियांची भुकटी मिसळलेलं. त्याच दिवसांत मी जेवायला गेलो. रंगनाथ अळ्या मोजण्यात गर्क, त्याला जेवायचं भान नव्हतं. सुमनवहिनींनी पिठलं-भाकरी वाढली. पिठलं कडूजहर होतं! पण अन्नाला नाव ठेवू नये, ही माझ्या अम्मीची शिकवण. "वहिनी, एकदम फक्कड," म्हणत मी तीनदा वाढून घेतलं आणि पातेलं रिकामं केलं. बिचाऱ्या वहिनींना लोणच्यावर भागवावं लागलं.

पुढचे पंधरा दिवस रंगनाथचा चेहरा बघवेना. कारल्याच्या बियांवरच्या अळ्या खुरटायच्या सोडून गुबगुबीत झाल्या होत्या. "संपलं, शफीक. विषय बदलून राह्यलो. अर्ज लिहिलाय," तो म्हणाला. त्या संध्याकाळीही पिठलंच होतं. मी सहज बोलून गेलो, "आज मागच्यासारखं कडू न्हाई झालं."

रंगनाथचा घास हातातच राहिला. "मागचं कडू होतं?"

वहिनी गोंधळल्या. "लाडवांत बेसन संपलं होतं, मंग बाजूच्या डब्यातलं समदं घेतलं. पण दुसऱ्या दिवशी दुकानातून आणून बराबर तेवढंच परत भरलं. एक मूठ कमी न्हाई!"

"म्हंजे अळ्यांनी साधं बेसन खाल्लं, आन् त्यांचं कडू तू तीनदा वाढून घेतलं?" रंगनाथ माझ्याकडं वळला आणि पोट धरून हसत सुटला. मी घाबरून माझं पोट चाचपलं. "शिजवलं की त्याचा जोर जातो," तो म्हणाला. "जगशील."

त्यानं अर्ज फाडला, नवी भुकटी केली आणि डब्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'अळ्यांचं. माणसांनी हात लावू नये.' मला वेगळी ताकीद मिळाली, की या घरात जेवताना खरं बोलायचं. या खेपेला अळ्या खाऊन खाऊन दोऱ्यासारख्या राहिल्या, आणि रंगनाथ डॉक्टर झाला. हरभऱ्याचं ते झाड मात्र अजून शेतात यायचंय. अळी वेगळा पाचक रस काढून चकवा देते. "लई हुशार हाय," तो कौतुकानं म्हणायचा आणि आणखी कारली मागायचा.

तो गेल्यावर महिनाभरानं मी बाजारातून नेहमीची पिशवी घेऊन वहिनींकडे गेलो. त्याचं काम पुढे नेणाऱ्या कॉलेजातल्या मॅडम आता बिया न्यायला येतात. वहिनींनी जेवायला बसवलं. पिठलं चांगलंच खारट होतं. 'फक्कड' ओठांवर आलंच होतं, तेवढ्यात समोरच्या फळीवरचा 'अळ्यांचं' लिहिलेला तो डबा दिसला.

"मीठ लई झालंय, वहिनी."

वहिनी हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "महिना झाला भावजी, जो येतो तो छान छान म्हणून खाऊन जातो... कुणी सांगितलंच न्हाई."