तिला न सापडलेली चूक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माझ्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या एका मुलीची सिद्धता बरोबर होती, आणि ती बरोबर आहे हे मला कळल्यावरही मी तिला चूक आपलीच आहे असं समजून जाऊ दिलं.

बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत मी प्रश्नांची वर्गवारी करतो. प्रश्न सोडवणं हे आमचं काम नव्हे. एखादा प्रश्न संगणकाला कितपत जड जाईल, एवढंच आम्ही ठरवतो. काही प्रश्न आकाराने कितीही वाढले तरी आवाक्यात राहतात, ते सोपे. काही जरा वाढले की जगातली सगळी यंत्रं जुंपली तरी पुरी पडत नाहीत, निदान तसा मार्ग कुणाला सापडलेला नाही. ते कठीण. या कठीण प्रश्नांची एक मोठी जमात आहे, आणि ती एकमेकांत अशी गुंतलेली आहे की त्यातला एक जरी सोपा निघाला तरी सगळे सोपे निघतील. असं होईल यावर आमच्यात जवळजवळ कुणाचा विश्वास नाही. होणार नाही, हे मात्र कुणी सिद्ध केलेलं नाही.

ती बेळगावकडची. घरी मराठी, शाळा कन्नड. सेमिनारमध्ये इंग्रजी बोलायची, पण माझ्या खोलीत आली की आम्ही दोघं मराठीत यायचो. तिचा प्रश्न वरवर साधा होता. एका लांब सरळ रस्त्यावर, समजा व्हाइटफील्डपासून होसकोट्यापर्यंत, जागोजागी माणसं उभी आहेत. कंपनीची गाडी एकच. प्रत्येकाला त्याच्या वेळेच्या आत गाठायचं, तर गाडी पुढेमागे कशी न्यायची? वर आणखी दोन अटी होत्या. खरी खोच त्या अटींत होती, पण त्या इथे सांगत बसत नाही.

एकदा ती आली ती उभ्या उभ्याच म्हणाली, "सर, हा सोपा आहे."

"शक्य नाही. कठीण आहे. मी पूर्वी करून पाहिलंय."

"कुठं छापलंय, सर?"

"छापायचं काय त्यात? सगळ्यांना माहीत आहे."

आमच्या धंद्यात ही रीत आहे. पुष्कळ गोष्टी कुणीच लिहिलेल्या नसतात. एखाद्या ज्येष्ठाने चहा पिता पिता सांगितलेल्या असतात, आणि पुढचे त्या तशाच धरून चालतात. मी स्वतः विद्यार्थी असताना ती सिद्धता फळ्यावर केली होती. फळा पुसला गेला, निष्कर्ष तेवढा डोक्यात राहिला. आता तिच्यासाठी तो ज्येष्ठ मीच होतो.

"मग माझं बरोबर असलं तर सगळेच कठीण प्रश्न सोपे झाले की, सर."

"म्हणूनच सांगतोय. कुठेतरी चूक आहे. शोध."

ती शोधत राहिली. तिने सगळं पहिल्यापासून लिहून काढलं, छोटी छोटी उदाहरणं हाताने तपासली. महिन्यांमागून महिने ती येऊन तेच सांगायची, "सापडली नाही, सर." आणि प्रत्येक वेळी मी तेच म्हणायचो. तिचे कागद मी एकदाही नीट वाचले नाहीत. उत्तर माहीत असताना वाचायचं कशाला, असं मला वाटायचं.

मग तिने सेमिनारमध्ये ते मांडायचं ठरवलं. कुणाला तरी चूक दिसेल म्हणून. तिची ओळख करून देताना मी म्हणालो, "आज चहाच्या आत जगातले सगळे कठीण प्रश्न सोपे होणार आहेत, बिस्किटं जपून खा." खोली हसली. नंतर कँटीनमध्ये मुलं तिला विचारायची, "काय गं, झालं का जग सोपं?" तीही हसायची. त्या दिवशी चूक कुणालाच सापडली नाही, पण मी कठीण म्हटलंय म्हटल्यावर ती आहे याबद्दल कुणाला शंकाही आली नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी पहिल्या वर्षाच्या वर्गाला उदाहरण द्यावं म्हणून मी राजाजीनगरच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, ती जुनी सिद्धता पुन्हा मांडायला बसलो. मधल्या एका पायरीवर थांबलो. एखादा प्रश्न कठीण आहे हे दाखवायचं तर आधीच कठीण ठरलेल्या प्रश्नाचं रूपांतर आपल्या प्रश्नात करावं लागतं. त्या पायरीवर मी उलटं केलं होतं. आपलाच प्रश्न कठीण प्रश्नात बदलला होता, आणि त्यातून काहीही सिद्ध होत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात मी व्हाइटफील्डला वळसा घालून गेलो, म्हणून दुकान लांब ठरत नाही. ही चूक करू नका, असं मी दरवर्षी मुलांना बजावतो.

"अहो, स्वल्प भात वाढू का अजून?" बायको विचारत होती. "काय झालं?"

"काही नाही."

दुपारभर मी त्या मुलीचे कागद वाचले, पहिल्यांदाच. गाडी कुठेही असली तरी रस्त्याचा उरकलेला भाग सलगच राहतो, हे तिने त्या दोन अटींसकट दाखवलं होतं. एकदा ते पटलं की बाकीचं आपोआप येत होतं. कुठेही फट नव्हती.

त्याच आठवड्यात ती माझ्या खोलीत आली आणि या वेळी बसली. "सर, मी सोडते. स्वतःची चूक स्वतःला दिसत नसेल तर मी संशोधन काय करणार, सांगा की."

तिथे बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मला ती हसलेली खोली आठवली, पुढच्या सेमिनारला त्याच खोलीत उभं राहून काय सांगावं लागेल ते दिसलं. मी म्हणालो, "थकली आहेस तू. विचार करून ठरव."

"केलाय, सर."

"ठीक आहे मग."

"सरी, सर," असा कन्नडमध्ये होकार देऊन ती उठली.

आधी माझी फक्त चूक होती, ती कुणाच्याही हातून होते. त्या क्षणानंतर जे झालं त्याला चूक म्हणता येत नाही.

गेल्या वर्षी तिने नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला आम्हा दोघांना बोलावलं. व्हाइटफील्डला ती एका कंपनीत आहे. तिच्या सासूबाईंनी मला पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्हीच का ते सर? काय शिकवलंत हो हिला? भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं तर म्हणते, तुम्हीच चाखून सांगा, माझा भरवसा नाही!"

सगळे हसले. तीही हसली. "खरंच आहे, आई. सरांनी वेळीच थांबवलं म्हणून बरं. नाहीतर अजून त्याच चुकीत बसले असते. मला माझं चुकलेलं दिसत नाही हो, तो माझा दोषच आहे." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "ऑफिसात काहीही केलं की दुसऱ्याला दाखवल्याशिवाय पुढं पाठवत नाही, सर. मला टीमची मुख्य करतो म्हणत होते, मीच नको म्हटलं."

मी जिलेबी घेतली. चांगली झाली आहे म्हणालो.

परतताना मेट्रोत बायको म्हणाली, "गुणी मुलगी. किती मानते तुम्हाला."

आता सांगून तिला काय मिळणार, उगाच जुनं दुःख उकरायचं, असं मी स्वतःला बरेचदा समजावतो. हा विचार माझ्या सोयीचा आहे. तिचा निकाल दुसऱ्या कुणी छापलाय का, हे मी अधूनमधून शोधून पाहतो. छापला असता तर तिला माझ्याशिवाय परस्पर कळलं असतं, ही त्यामागची आशा. अजून कुणी छापलेला नाही.

तिचं बरोबर होतं, माझं चुकलं होतं, आणि ती गेली तेव्हा मला ते माहीत होतं. हे तिच्यासमोर बसून तिला सांगणं, आणि मग तिच्या नावाने त्याच सेमिनारच्या खोलीत उभं राहून सांगणं, एवढं मी तिचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.