भाकरतुकडा

रंकाळ्यावर सकाळी फिरताना एक गृहस्थ रोज दिसायचे. हातात म्हाताऱ्या काळ्या कुत्र्याचा पट्टा. रस्त्याच्या पलीकडून, त्यांच्याच चालीनं, एक बाई तांबडा कुत्रा घेऊन चालायच्या. काळा गुरगुरला की गृहस्थ ओरडायचे नाहीत, थांबून त्याच्या कानामागं खाजवत राहायचे. पलीकडं बाईही थांबायच्या. तो शांत झाला की दोघं पुन्हा चालू लागायचे, पण जवळ काही यायचे नाहीत.

न राहवून एकदा मी विचारलंच, "भांडण झालंय काय तुमचं?"

"आमचं न्हाय हो, पावणं, कुत्र्यांचं!" ते मोठ्यानं हसले. "ती माझी भैण. दाजी वारलं, म्हणून तिला कायमची घरी आणली, तिच्या कुत्र्यासकट. बायकोनं मायेनं दारात भाकरतुकडा ओवाळला, अंगणात टाकला, आणि दोन्ही कुत्री त्याच्यावर तुटून पडली की! रगात निघालं. तवापास्नं भैण म्हणती, मी आपली परत जाते."

"मग आता?"

"घर काळ्याचं हाय. तिथं तो दुसऱ्याला कसा घेईल? रस्ता कुणाचाच न्हाय. म्हणून हितं वळख करून देतोय."

हळूहळू त्यांच्यातलं अंतर कमी होत गेलं. मग एका सकाळी चौघं रस्त्याच्या एकाच कडेनं येताना दिसले. तांबडा गृहस्थांकडे होता. काळ्याचा पट्टा बहिणीच्या हातात होता, आणि काळा तिला घराकडं ओढत होता.