दुपारनंतरचं पाणी

तपासणीवाल्या बाई रागावल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. नंदुरबारच्या समाजकल्याण कार्यालयात मी नवी लागले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. वृद्धाश्रमांच्या तक्रारी बाईंकडे असत आणि मी त्यांच्या हाताखाली. एरवी त्या खळखळून हसत, लांबूनच हाका मारत. त्या हळू बोलू लागल्या की मात्र जुनी माणसं काहीतरी निमित्त काढून टेबलावरून उठत.

वृद्धाश्रमात गेल्यावर त्या कधी खुर्चीवर बसत नसत. थेट आत जाऊन एखाद्या खाटेच्या कडेला टेकत आणि अहिराणीत बोलायला लागत. "खुर्चीवरून फक्त व्यवस्थापक दिसतो गं," असं मला म्हणायच्या.

एकदा शहराबाहेरच्या एका वृद्धाश्रमाबद्दल फोन आला. वडिलांना भेटून आलेला एक माणूस सांगत होता, "तिथं सगळे गप्प गप्प झालेत. काहीतरी बरोबर नाही." ऊन नुसतं पोळत होतं. आम्ही पोचलो तेव्हा फरशी चकचकीत होती, चादरी पांढऱ्याशुभ्र. व्यवस्थापक अभिमानानं म्हणाला, "मॅडम, एक चादर ओली सापडायची नाही."

बाई दगूमाय नावाच्या एका म्हातारीच्या खाटेवर टेकल्या. तिचे ओठ फुटले होते. बाईंनी पर्समधली बाटली काढून तिच्यापुढे धरली. "पी व माय."

दगूमायनं पाण्याकडे पाहिलंच नाही. तिनं व्यवस्थापकाकडे पाहिलं.

"डॉक्टरांनी त्यांना पाणी कमी सांगितलंय," तो घाईनं म्हणाला.

"सगळ्यांनाच?" बाईंचा आवाज खाली आला. कुठल्याच खाटेजवळ पेला नव्हता. मलाही ते तेव्हाच दिसलं. "तुम्ही जरा बाहेर थांबा."

तो हलला नाही. त्यानं वृद्धाश्रम चालवणाऱ्या ट्रस्टच्या शेठना फोन लावला. शेठ येईपर्यंत बाई दगूमायचा हात धरून बसल्या होत्या. 

शेठ मिरचीचे मोठे व्यापारी. मिरच्या वाळवायच्या त्यांच्याच पथारीवर, उघड्या मैदानात, देठ खुडण्यात दगूमायचं आयुष्य गेलं होतं आणि म्हातारपणी त्यांनीच तिला इथं आणून ठेवलं होतं.

"मॅडम, मी तुमच्या साहेबांशी बोललोय," शेठ म्हणाले.

"बरं केलंत. आता हिच्याशी बोला." बाई इतक्या हळू बोलल्या की शेठना वाकावं लागलं.

शेठ तिला ओळखत होते. त्यांनी विचारलं, "काय व दगूमाय, काय त्रास शे?"

तिनं एकदा व्यवस्थापकाकडे पाहिलं. मग शेठकडेच बघत म्हणाली, "दुफारपासून पानी देतस नही, शेठ. आंथरून ओलं व्हई जास म्हनीसन." आणि लगेच पुढे, "तुमना सांगावरतीन ऊनू मी आठे."

आपल्या सांगण्यावरून ती इथं आली, हे ऐकून शेठ खाटेवर बसले. बाईंनी बाटली पुन्हा पुढे केली. या वेळी दगूमाय प्यायली. पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळलं तरी थांबली नाही.

त्याच दुपारी तिला आणि आणखी काहींना सरकारी दवाखान्यात हलवलं. व्यवस्थापकाला शेठनी काढून टाकलं. पण ट्रस्टचं नाव खराब होऊ नये, अहवालात 'किरकोळ त्रुटी' लिहावं, म्हणून बाईंवर वरून फार दबाव आला. त्यांनी घडलं तेच लिहिलं. पुढे त्यांची लांब विदर्भात बदली झाली. कारण कुणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही.

जाण्याआधी त्या मला घेऊन दगूमायला भेटायला गेल्या. बरी होऊन ती त्याच वृद्धाश्रमात परत आली होती. दुसरीकडे जाणार कुठे? बाईंनी बदलीचं सांगताच तिनं त्यांचं मनगट पकडलं. "मंग आते कोन यी?"

बाईंनी मान वळवली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"मी येईन," मी म्हणाले.

दगूमायचा विश्वास बसला नसावा. "कोनता वारले येशी?"

खोलीच्या दारात नवा व्यवस्थापक उभा होता. माझा आवाज आपोआप खाली आला.

"वार सांगणार नाही, माय."