परत केलेले आभार

मधुमेहाचा पेशंट कशासाठीही दाखल झालेला असो, आमच्या वॉर्डच्या सिस्टर नलिनीताई आधी त्याचे मोजे काढत. छातीत दुखतंय म्हणून आलेला माणूस गोंधळून पाय मागे घेत सांगायचा, "बेन, पगमां कंई नथी." ताई म्हणायच्या, "बताव तो खरा," आणि त्याचा तळवा उजेडाकडे वळवून बघत. नंदेसरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका तापासाठी आले होते. त्यांच्या तळव्यात बुटाचा खिळा घुसून जखम चिघळली होती, आणि चार दिवस ते तसेच चालत होते. पाय बधिर झालेला, त्यांना काही कळलंच नव्हतं. दोन बोटं काढावी लागली. "दुखत नाही म्हणून बरं आहे, असं धरायचं नाही ने," ताई आम्हाला सांगत. त्यांच्या मराठीत असा गुजराती 'ने' हटकून यायचा.

घडियाळी पोळातल्या घरून त्या रोज चालत यायच्या. त्यांना स्वतःलाही बरीच वर्षं मधुमेह होता. डबा ठरल्या वेळी उघडायच्या, मग समोर डॉक्टर उभे असले तरी.

मी तेव्हा नवीन नर्स होते. एका दुपारी रमणभाई नावाच्या पेशंटला जेवणाआधीचं इन्सुलिन दिलं आणि लगेच त्यांना सोनोग्राफीचं बोलावणं आलं. मी पाठवून दिलं. जेवणाचं ताट खाटेशेजारी झाकलेलं राहिलं. खाली रांग होती. सव्वा तासाने ते परत आले तेव्हा घामाने निथळत होते, काहीतरी बरळत होते आणि बायकोला ओळखत नव्हते. मी ताईंना बोलावलं. ताईंनी साखर तपासली. यंत्रावर अठ्ठावीस आकडा आला, जीवघेणा कमी. त्यांनी डॉक्टरांना हाक मारली आणि शिरेतून ग्लुकोज सुरू केलं. काही मिनिटांनी रमणभाईंनी बायकोला विचारलं, "तू रडे छे केम?"

त्यांच्या बायकोने, कांताबेननी, माझे दोन्ही हात धरले. "तमे एमने बचावी लीधा," असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मी मान डोलावली.

ताईंनी मला औषधांच्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

"त्यांनी आभार मानले. तू घेतलेस?"

"हो."

"परत देऊन ये."

"ताई, ते बरे झालेत आता."

"बरे झालेत म्हणून तर त्यांना ऐकता येईल. जा. मी बाहेर उभी आहे."

मी कांताबेनना सगळं सांगितलं. इन्सुलिन दिल्यावर त्यांना उपाशी पाठवायला नको होतं, चूक माझी आहे, असं. त्यांनी माझ्या हातातून आपला हात काढून घेतला. पुढचे तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मी इंजेक्शन घेऊन गेले की आधी ताटावरचं झाकण उचलून बघायच्या. घरी जातानाही त्या ताईंना नमस्कार करून निघून गेल्या.

ताईंनी मला घटनेचा अहवाल लिहायला लावला आणि खाली वॉर्डच्या प्रमुख म्हणून स्वतःची सही केली. "लिहिलं की ते सगळ्यांच्या कामाचं होतं," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे ताट पेशंटच्या पुढ्यात आल्याशिवाय ते इन्सुलिन कुणी देत नाही.

निवृत्तीनंतर ताईंची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मी हरणीच्या माझ्या घरून ड्यूटीवर येताना त्यांच्या घरी डोकावत असे. या वर्षी फुप्फुसात संसर्ग झाला आणि त्या आमच्याच वॉर्डात दाखल झाल्या. सहाव्या दिवशी, दुपारी चारला गेल्या. मी वेळ लिहिली. सुई काढली, चादर बदलली, शेजारच्या खाटेवरच्या बाईंची साखर तपासली. मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. घरी भाजी चिरते, कपडे वाळत घालते, सगळं नीट होतं.

त्यांची मुलगी केतकी पुण्याहून निघाली होती. ती संध्याकाळी पोहोचली. बॅग खांद्यावर तशीच ठेवून तिने मला विचारलं, "आई शांतपणे गेली ना?"

बाजूला उभ्या असलेल्या डॉक्टरांनी हलकेच मान डोलावली. मीही तेवढंच करू शकले असते.

"नाही," मी म्हणाले. "शेवटचा तासभर त्यांना फार दम लागला होता. ऑक्सिजन होता, औषधही दिलं. ते लागू पडायला वेळ गेला. मी त्यांचा हात धरून बसले होते. शेवटची दहा मिनिटं त्यांचा श्वास सावकाश चालला होता."

मला वाटलं, केतकी आता निघून जाईल. तिने बॅग खाली ठेवली आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसली.

"तो तास पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली.

मी सांगितला.