नवव्या ब्राऊनवरची रेती

गोल्फ हिरवळीवर खेळतात हे मला फार उशिरा कळलं. मी शिकलो तो मुरमावर. पन्नासच्या दशकात मी घुग्घुसकडच्या एका कोळसा खाणीत दुय्यम सर्व्हेअर होतो. खाणीच्या साहेबलोकांनी नाल्याकाठच्या माळावर नऊ होलचं मैदान आखलं होतं. होलभोवती गवत काही केल्या टिकत नसे, म्हणून तिथे इंजिनाचं जळकं तेल मिसळलेली रेती गोल थापलेली असे. तिला सगळे ‘ब्राऊन’ म्हणत. चेंडू ब्राऊनवर आला की कॅडीने, म्हणजे खेळाच्या काठ्या वाहणाऱ्या गड्याने, दांड्याला बांधलेलं गोणपाट चेंडूपासून होलपर्यंत ओढायचं, पावलांचे ठसे पुसायचे, आणि मग त्या सपाट पट्ट्यावरून खेळाडूने चेंडू ढकलायचा. गोणपाट ओढायचं ते कॅडीनेच. खेळाडूने रेतीला हात लावायचा नाही, असा तिथला नियमच होता.

माझा कॅडी शेजारच्या गावचा, पन्नाशीचा माणूस. मी त्याला भाऊ म्हणायचो, तो मला बाबू. तो माळ म्हणजे मूळचं त्याच्या गावचं गायरान. तिथे ढोरं राखण्यातच त्याचा जन्म गेलेला, त्यामुळे कुठे उतार आहे, कुठे मुरूम पोकळ आहे, सगळं त्याला तोंडपाठ. स्वतः काठी न धरता दोन वर्षांत त्याने मला खेळाडू केलं. माझा फटका चुकला की तो हसायचा नाही, आणि साधला तरी कौतुक करायचा नाही. तरी त्या खाणीवर माझं असं कोणी असेल तर तो, असं मी मनोमन धरून चाललो होतो.

दर हिवाळ्यात तिथे चषकाचा सामना होई. जिंकणाऱ्याचं नाव क्लबच्या ओसरीतल्या लाकडी फळीवर पांढऱ्या रंगाने लिहीत. त्या फळीवर एकही देशी नाव नव्हतं. स्वातंत्र्य येऊन इतकी वर्षं झाली तरी आम्ही त्या ओसरीची पायरी चढत नव्हतो. त्या वर्षी पहिल्यांदाच आम्हा नोकरमंडळींना सामन्यात घेतलं आणि मी थेट शेवटच्या फेरीत पोचलो. समोर खुद्द मॅनेजर, अजून मायदेशी न गेलेला गोरा साहेब. चषकाचं मला काही नव्हतं. मला त्या फळीवर नाव हवं होतं. त्यासाठी महिनाभर माझी झोप उडाली होती.

मैदान अवघड होतंच. तिसऱ्या होलला नाला ओलांडायचा. मी सरळ मारायला निघालो तर भाऊ म्हणाला, “तिकडे नाई बाबू. ढोरं जिथून उतरते तिथी टाका, आपोआप खाली येते.” मी टाकला, आणि चेंडू शहाण्यासारखा खाली आला. पाचव्याला वारुळामागे अडकलो, तिथूनही त्यानेच वाट काढून दिली. साहेबाचा चेहरा होलगणिक लाल होत होता आणि मला मनातून गुदगुल्या होत होत्या. आठव्यापाशी काटेरी तारेचे नवे खांब रोवून ठेवलेले होते. कंपनी मैदानाला कुंपण घालणार होती आणि गावच्या ढोरांची नाल्यावर जायची वाट नेमकी त्यातून जात होती. भाऊ त्या खांबांपाशी जरासा थांबला. मी त्याला घाई केली.

आठ होलनंतर आम्ही बरोबरीत होतो. नवव्याला साहेबाला पाच फटके लागले. मी तिसऱ्यातच ब्राऊनवर आलो, होलपासून चार हातांवर. एका फटक्यात चेंडू आत गेला तर फळीवर माझं नाव. दोन लागले तर बरोबरी, आणि बरोबरी झाली की चषक गेल्या वर्षीच्या विजेत्याकडेच, म्हणजे साहेबाकडे. भाऊने गोणपाट ओढलं. मी रेतीकडे पाहिलंही नाही. दोन वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. मी चेंडू ढकलला. तो छान निघाला, आणि होलच्या वीतभर अलीकडे एकदम डावीकडे वळला.

मग मी पाहिलं. तिथे रेतीची बोटभर उंच कड होती. गोणपाट होलपर्यंत न ओढता मध्येच उचललं तरच अशी कड राहते. मी भाऊकडे पाहिलं. तो दुसरीकडे पाहत होता.

साहेबाने माझा हात जोरजोरात हलवला आणि हसत ओसरीवर गेला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. क्लबच्या मागे, मोहाच्या झाडाखाली मी भाऊला गाठलं.

“रेती मुद्दाम सोडली ना?”

“हो,” तो म्हणाला. इतक्या सरळ म्हणाला की मला मारावंसं वाटलं.

“काऊन? मी काय वाईट केलं होतं तुमचं?”

“उद्या गावातले पाच जण सायबाकडे फाटक मागाले जाऊन राह्यलो. तारेत फाटक नाई ठेवलं तर ढोरं पाण्यावर जातीन कुठून? मागं पत्त्यात हारला तेव्हा त्यानं रागारागात बैलबंडीचा रस्ता बंद केला होता. हारलेल्या सायबापाशी काय मागाव?”

“मग मले सांगायचं होतं! मी बोललो असतो साहेबाशी.”

“सांगतलं होतं, दिवाळीत. तुमी म्हणले, सामना होऊ द्या.”

खरं होतं. ते मी साफ विसरलो होतो. पण त्या क्षणी मला खऱ्याखोट्याशी काही घेणं नव्हतं. ज्याच्यावर डोळे मिटून विसंबलो त्यानेच केसाने गळा कापला होता, आणि वर मलाच हिशेब विचारत होता.

“आज सकाळी सांगितलं असतं,” मी ओरडलो, “तर मी स्वतःहून हरलो असतो!”

त्याने खांद्यावरची काठ्यांची पिशवी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

“खरंच हारले असते, बाबू?”

मी हो म्हणायला तोंड उघडलं. तो वाट पाहत उभा राहिला, घाई न करता. शेवटी मी पिशवी उचलली आणि एकटाच क्वार्टरकडे निघालो. त्याच आठवड्यात तारेला फाटक लागलं. त्यातून ढोरं नेताना तो मला कितीदा तरी दिसला, पण त्या प्रश्नाचं उत्तर घेऊन त्याच्यासमोर जायची माझी हिंमत झाली नाही.