जावयाची गिटार आणि माझं सूप

ऑस्ट्रेलियात टूवूंबाला मुलीकडे राहायला येताना मी गावाहून प्लास्टिकचं सूप आणलं. इथली पाकिटातली डाळ स्वच्छच असते, पण पाखडल्याशिवाय ती शिजवायला माझा हात धजत नाही.

जावई इथलाच, गोरा. शनिवारी क्लबात गिटार घेऊन कंट्री, म्हणजे गुराख्यांची गाणी म्हणतो. एकदा मुलगी मला तिथे घेऊन गेली. गाणं संपताना त्याने गिटार आडवी धरून दोनदा वर उडवून झेलली, बाजूला थोपटली आणि तिच्यावर जोरात फुंकर मारली. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. मी पदराने तोंड झाकलं.

"अगं, हा मला पाखडताना बघतो की काय?"

"रोज, किचनच्या खिडकीतून," मुलगी हसली. "लोकांना वाटतं, ही गुराख्यांची जुनी रीत आहे. लाजू नकोस गं, तो कुणाला सांगत नाही."

पण कुणी बघत असलं की माझे हातच चालत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी अंगणात खिडकीकडे पाठ करून पाखडू लागले. फुंकर मारण्याआधी, तो आहे की गेला, हे खांद्यावरून हळूच बघायचे.

पुढच्या शनिवारी जावई लोकांकडे पाठ करून उभा राहिला. त्याने गिटार उडवली, खांद्यावरून हळूच मागे पाहिलं आणि मग फुंकर मारली. अख्खा क्लब उभा राहून ओरडला.

आता मी गॅरेजमध्ये दार लावून पाखडते. काल बाहेरून आवाज आला, "आई, यू ओके?" आणि पाठोपाठ गिटारची तार वाजली.