पायरीवरची लाईट

परवा रविवारी भरदुपारी मी घरचा स्मार्ट हब बदलला. सोनईजवळच्या आमच्या वस्तीवर त्याला अजूनही सगळे 'डबा'च म्हणतात...

जुना डबा कॉलेजच्या प्रोजेक्टचा. नगरला डिप्लोमाला असताना मी आणि ती, दोघांनी मिळून आमच्या घरी बसवलेला. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. टाकीची मोटर आणि दारातल्या पायरीवरची लाईट त्यावर, मोबाईलच्या ॲपवरून चालायची. ॲपमध्ये मेंबर दोनच, मी आणि ती.

लाईटची आयडिया तिचीच. आई गवताचा भारा घेऊन त्या फुटक्या पायरीवर अडखळली होती, ते तिने पाहिलं होतं.

पुढे मी सरांशी भांडून कॉलेज सोडलं. ती म्हणाली, माफी माग आणि परत ये. मग तिच्याशीही भांडलो आणि तिला सगळीकडून ब्लॉक केलं... उन्हाळ्यातली गोष्ट.

शनिवारी मित्राने सांगितलं, गेल्या आठवड्यात तिला बघायला पाहुणे येऊन गेले. डोकंच फिरलं. तिला मेंबरमधून काढलं असतं तरी भागलं असतं, पण मला तो डबाच घरात नको झाला. दुसऱ्या कंपनीचा आणला, जुना रिसेट मारून टाकला. त्यातली शेड्यूल नव्यात टाकली... मोटरचं एकच होतं. लाईटचं रागात लक्षातच आलं नाही.

संध्याकाळी आई रानातून आली तर दारात अंधार. चाचपडत पायरी चढली आणि ओरडली, "काय रं, तुझ्या डब्यानं बी कॉलेज सोडलं व्हय?"

"टाइम टाकायचा राहिलाय गं. किती वाजता लागायची?"

"मला काय ठावं? अंधारून आलं की लागायची. मागं आभाळ आलं हुतं, तर लई लवकर लागली. तुझ्यापरीस शहाणी हुती."

आभाळ बघून लागणारं शेड्यूल मी कधी केलंच नव्हतं. तसला सेन्सरही नव्हता. लाईट लावू शकणारे मोबाईल दोनच... आणि मी माझ्या मोबाईलवरून एकदाही लावली नव्हती.

ती नेवाशाजवळ राहते. आमच्यावर आलेलं आभाळ तिच्याही घरावर येतं.

म्हणजे मी ब्लॉक केल्यावरही, रोज तीच लावत होती. पाहुणे आले त्या आठवड्यातही एक दिवस चुकला नाही. आणि मी समजत होतो, ऑटोमॅटिक आहे...

परवा संध्याकाळीही तिने बटण दाबलं असेल. समोर काहीच आलं नसेल. ते काही केल्या डोक्यातून जात नाही.

ब्लॉक काढलाय. नव्या हबची इन्व्हाइट पाठवलीय, ती अजून 'पेंडिंग' दाखवतेय. लाईटचं शेड्यूल टाकायला दोन मिनिटं लागतात, पण टाकवत नाही. काल दिवस मावळायच्या आधीच दारात जाऊन उभा राहिलो आणि आई दिसल्यावर हाताने बटण दाबलं.

"झाला का डबा दुरुस्त?" आईने विचारलं.

"न्हाई अजून."

तू हे वाचत असशील तर... इन्व्हाइट घेतलीच पाहिजे असं नाही. माझ्या आईला एवढे दिवस उजेड दिलास, त्याचं थँक्यू तेवढं घे.